मनोऱ्याआधी पावसाळा पाहू

जांबोटी बाजूच्या आपल्या शाखेला बिनतारी इंटरनेट जोडणी द्यावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. तिथे दहावीला गणिताचे शिक्षक नाहीत. तो तास मुख्य शाळेतून पडद्यावर घ्यावा, हा हेतू. जंगलातून केबल नेण्यापेक्षा मनोरे व तबकड्या उभारणे स्वस्त आणि लवकर होणारे काम आहे. प्रस्तावाला माझा विरोध नाही. पण जागेची पाहणी मे महिन्यात झाली आहे, आणि तेवढ्यावर मागणी नोंदवू नये, असे माझे मत आहे.

दोन तबकड्या एकमेकींना दिसल्या की झाले, असा समज आहे. पण सूक्ष्मलहरींची वाट दोरीसारखी बारीक नसते, ती मध्ये फुगीर असते. अंतर १० किलोमीटर व वारंवारिता ५.८ गिगाहर्ट्झ धरल्यास मध्यावर तिची त्रिज्या सुमारे ११ मीटर होते. त्यातले ६० टक्के, म्हणजे जवळजवळ ७ मीटर, तरी मोकळे हवेत. मे महिन्यात टेकडीवरून मोकळी दिसणारी वाट जुलैत तशी राहत नाही. पालवी दाटते, बांबू वाढतो, ओली पाने लहरी शोषतात. आपण मात्र दोष पावसाला देतो.

पाऊसही आडवा येतो, पण वारंवारिता पाहून. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ५ सेंटिमीटरहून थोडी जास्त असते. काही मिलिमीटरचा थेंब तिला फारसा अडवत नाही. २३ गिगाहर्ट्झची तरंगलांबी अवघी १.३ सेंटिमीटर. तासाला १०० मिलिमीटर वेगाने सर कोसळली, तर तिची शक्ती दर किलोमीटरला साधारण एक दशांश उरते; दोन किलोमीटरवर शतांश! म्हणून हिशेब बेळगाव शहराच्या पावसावर नको, घाटमाथ्याच्या पावसावर हवा. कणकुंबीची सर वेगळी, हे पालकांना सांगायला नको.

दरपत्रकात 'वर्षभर ९९.९ टक्के खात्री' असे लिहिलेले असते. उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. ते ३६५ दिवसांत सारखे वाटले जात नाहीत. मुसळधार पावसाच्या दिवसांत, कदाचित गणिताच्याच तासाला, ते एकदम येतात.

थांबल्याने यंदाच्या दहावीचे नुकसान होईल, ही शंका रास्त आहे. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस मुख्य शाळेतील शिक्षकांनी शाखेत जावे. प्रवासखर्च मनोऱ्यापुढे किरकोळ आहे. दरम्यान जुलैत पुन्हा पाहणी व्हावी. शाखेच्या आठवी-नववीच्या मुलांनी पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद करावी. पुरवठादाराकडून घाटमाथ्याच्या पावसाचा हिशेब लेखी घ्यावा.

मनोरा एकदाच उभा राहतो. त्याची जागा चुकली, तर पुढच्या प्रत्येक तुकडीला दर पावसाळ्यात त्याची किंमत मोजावी लागेल.