मातीखालचे परधन

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेकाठचे प्राचीन नगर. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथील जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले, तेव्हा मोठा बौद्ध स्तूप आणि ब्राह्मी लेख असलेले दगडी कठड्याचे खांब उजेडात आले. अशा गावी परसात झाडासाठी आळे खणताना कुदळीला जुने खापर लागले, तर नवल ते काय! खापर फेकले जाते. नाणे किंवा मूर्ती लागली, की मात्र घरात कुजबूज सुरू होते आणि वस्तू सराफाच्या पेढीची वाट धरते.

तेथे प्रश्न श्रावकाचा होतो. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अचौर्याणुव्रत सांगताना ठेवलेले, पडलेले व विसरलेले परधन, न दिलेले असता, स्वतः घेऊ नये आणि दुसऱ्यासही देऊ नये, असे म्हटले आहे. ठेवलेल्यात पुरलेलेही आलेच. ‘दुसऱ्यासही’ हा शब्द सहसा नजरेतून निसटतो. सापडलेले धन मंदिराच्या भांडारात टाकले की दोष फिटला, असे मानणाऱ्याने तो पुन्हा वाचावा. चोरीचा माल विकत घेणे हा तर या व्रताचा अतिचारच.

राज्याचा कायदाही जुना आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपविणाऱ्याचा हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळविणाऱ्याचे मात्र सर्वस्व जात नाही. निधी बेवारस ठरला आणि जागामालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व उरलेला मालकाला मिळतो. सरकारने वस्तू स्वतःकडे ठेवली, तर मूल्य देऊन ठेवते. ही बाजू फारशी कोणी सांगत नाही. म्हणूनच भीती वाढते आणि मूस पेटते.

अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे जमिनीतून निघालेल्या जिनमूर्ती आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, आहेत. त्या मोडीच्या भावाने गेल्या असत्या, तर काही शेर धातू हाती आला असता. विदर्भातील श्रावकांच्या एका जुन्या वस्तीचा पुरावा मात्र कायमचा गेला असता.

तेव्हा परसात काही लागले, तर ते चिंचेने घासू नये. खणणे थांबवावे, जागा व खोली लिहून ठेवावी आणि तहसील कचेरीत वर्दी द्यावी. पेढीवर कोणी अशी वस्तू घेऊन आलाच, तर तराजू काढण्याआधी ती कोठे सापडली, एवढे विचारावे.