टॅगच्या आधी नोंद

एक्सएमएल शिकवताना बहुतेक ठिकाणी आरंभ टॅगच्या व्याकरणापासून होतो; कोनी कंस कसा उघडावा आणि मिटवावा, एका घटकाच्या पोटात दुसरा कसा बसवावा, हे काही तासांत आटोपते आणि विद्यार्थी लगेच स्कीमा लिहू लागतो. स्कीमा म्हणजे एखाद्या दस्तऐवजात कोणते घटक, कोणत्या क्रमाने, किती वेळा आणि कोणत्या प्रकारच्या मूल्यांसह यावेत याविषयीचा, यंत्राला तपासता येणारा करार होय. ज्या नोंदीविषयी करार करायचा ती नोंदच नीट वाचलेली नसेल, तर स्कीमात कागदाच्या छपाईची नक्कल तेवढी उतरते. प्रशिक्षणातील ही उणीव गंभीर आहे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

१९८६ च्या एसजीएमएल या आयएसओ मानकातून सुटसुटीत करून घेतलेल्या एक्सएमएलची शिफारस डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली आणि एक्सएसडी ही स्कीमाची भाषा २ मे २००१ रोजी आली. तपासणीच्या दोन पायऱ्या असतात: टॅग नीट उघडले-मिटले असतील तर दस्तऐवज सुघटित, आणि त्यापुढे जाऊन तो स्कीमाच्या अटीही पाळत असेल तर वैध.

सरावासाठी सातबारा या जमिनीच्या उताऱ्याइतका समृद्ध नमुना महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पुणे-सोलापूर महामार्गावरील, इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर येथे शेती आणि औद्योगिक वसाहत शेजारी-शेजारी आहेत. अशा गावातील एखाद्या गटाचा उतारा समोर ठेवला, तर स्कीमा-रचनेचे जवळजवळ सर्व मूलभूत प्रश्न त्यात भेटतात. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि नमुना बारा ही पिकांची नोंदवही, ही दोन्ही एकत्र छापली जात असली, तरी त्यांचा जीवनक्रम एक नाही: सातमधील नोंद फेरफार मंजूर झाल्यावर बदलते, तर बारामधील नोंद दरवर्षी खरीप-रब्बीनुसार नव्याने होते, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत ती शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो. नोंद करणारा वेगळा, बदलाची गती वेगळी. म्हणून दोन्हींना एकाच मूळ घटकात कोंबणे चूक आहे, गट क्रमांकाने जोडलेले दोन स्वतंत्र दस्तऐवजच येथे योग्य ठरतात.

क्षेत्राचा रकाना सर्वांत अधिक फसवतो. उताऱ्यावर १.२०.५० असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ १ हेक्टर, २० आर, ५० चौरस मीटर असा होतो. दशांश अपूर्णांकाचा प्रकार दिलेला घटक दोन टिंबांची ही रचना नाकारतो, आणि घाईतला रचनाकार त्यावर उपाय म्हणून साधा मजकूर-प्रकार देऊन मोकळा होतो, म्हणजे तपासणीच सोडून देतो. त्याहून घातक प्रकार म्हणजे १ हेक्टर ५ आर हे क्षेत्र १.५ असे भरले जाणे: दशांश-प्रकार ते निमूटपणे स्वीकारतो आणि ४५ आर जमीन कागदावर वाढते. हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन पूर्णांकी उपघटक ठेवून शेवटच्या दोघांना ० ते ९९ ही मर्यादा घातली, तर हा घोटाळा मुळातच टळतो. लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराब (लागवडीस अयोग्य) क्षेत्र यांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी असावी, ही अट मात्र एक्सएसडीच्या पहिल्या आवृत्तीत मांडताच येत नाही. त्यासाठी २०१२ मधील १.१ आवृत्तीतील विधान-अट किंवा स्कीमाट्रॉन ही नियमभाषा लागते.

उताऱ्यावर कंसात गेलेल्या, म्हणजे कमी झालेल्या धारकांच्या, नावांविषयीही छपाईपेक्षा अर्थ पाहावा लागतो. तलाठी नाव कंस करतो तेव्हा ते पुसले जात नाही, कोणत्या फेरफाराने ते कमी झाले हे नोंदीत राहते. तेव्हा कंस हे मजकुरातील चिन्ह न मानता धारकाची स्थिती म्हणून गुणधर्मात नोंदवावे आणि कमी झालेल्या धारकाला फेरफार क्रमांक सक्तीचा करावा.

मराठी मजकुरामुळे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, ज्या परभाषिक पाठ्यपुस्तकांत सहसा नसतात. ‘लोणी देवकर’ या नावात डोळ्यांना ६ अक्षरे दिसतात, पण स्कीमाची लांबी-मर्यादा युनिकोडची चिन्हे मोजत असल्याने मात्रा, वेलांटी आणि मधली मोकळी जागा धरून ती १० भरतात, आणि जोडाक्षरांत हा फरक आणखी वाढतो. दुसरे असे की, एक्सएसडीच्या साचा-नियमात ‘कोणताही अंक’ या अर्थाचे संक्षिप्त चिन्ह देवनागरी अंकही स्वीकारते, परंतु पूर्णांक-प्रकार ते नाकारतो. म्हणून साच्याने तपासलेला गट क्रमांक एका फाइलमध्ये देवनागरीत, दुसरीत इंग्रजी अंकांत येऊन दोन्ही वैध ठरतात आणि जुळत मात्र नाहीत. अंकांचा संच साच्यात उघडपणे लिहिणे हाच उपाय.

प्राप्तिकर विवरणपत्रे आणि जीएसटीचे ई-बीजक जेसॉन या मांडणीत असल्यामुळे एक्सएमएल शिकण्याचे प्रयोजन संपले, असे काहींना वाटते. पण आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल आणि कंपन्यांची एक्सबीआरएल विवरणे आजही एक्सएमएलवर उभी आहेत, शिवाय १.५ म्हणजे किती, हा प्रश्न जेसॉनमध्येही तसाच उरतो. प्रशिक्षण संस्थांनी म्हणून पहिल्या आठवड्यात संगणक बाजूला ठेवून नावे झाकलेला उतारा हाती द्यावा, आणि परीक्षेत वैध फाइल लिहून घेण्याऐवजी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली देऊन त्यांपैकी किती विद्यार्थ्याचा स्कीमा अडवतो, हे तपासावे.