शेंदऱ्या बुरूज आणि नाथनाक

आपल्या पुणे जिल्ह्यातील पुरंदरचा शेंदऱ्या बुरूज बांधताना वारंवार ढासळू लागला, तेव्हा बेदरच्या बादशहाच्या आज्ञेवरून बहिरनाक महाराचा पुत्र नाथनाक व सून देवकाई यांस पायात जिवंत गाडण्यात आले, अशी आख्यायिका आहे. बहिरनाकास पुढे इनाम मिळाले म्हणतात. या कथेस स्वामिनिष्ठेचे गोंडस नाव देणाऱ्यांस आमचा सवाल आहे: किल्ला बादशहाचा, मग बळी महाराच्या मुलाचा का?

दूर मेक्सिकोतही हेच घडले. १४५४ च्या सुमारास दुष्काळात अझ्टेकांनी पर्जन्यदेव त्लालोकास बालके अर्पण केली, असे संशोधक मानतात. मुख्य मंदिराच्या उत्खननात किमान ४२ मुलांचे अवशेष सापडले. माळेगाव बुद्रुकच्या शिवारात पाणी आणले ते नीरेच्या डाव्या कालव्याने. त्यासाठी कोणत्याही देवास मूल द्यावे लागले नाही!

तरीही १९७२ ते १९७४ मध्ये परभणी जिल्ह्यातील मानवत येथे गुप्तधनाच्या लोभाने अजाण मुलींचे खून पाडले गेले. नरबळीविरोधी कायदा व्हावयास २०१३ साल उजाडले, आणि तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. पुलाचे काम निघाले की भयाने लेकरू घरात कोंडणाऱ्या मातेस हे कोणी सांगावयाचे? आमच्या शिकलेल्या तरुणांनी वस्तीवस्तीतून ते सांगावे.