ढोकरा शिल्प : कर्जाच्या अंदाजपत्रकात कारागिराच्या सुरक्षिततेलाही स्थान हवे

रायपूरच्या पंडरी भागातील छत्तीसगढ हाटात किंवा राज्य हस्तशिल्प विकास मंडळाच्या ‘शबरी’ दालनात बस्तरची ढोकरा शिल्पे पाहावयास मिळतात. हत्ती, घोडे, मातृदेवता, दीपस्तंभ अशा या पितळी आकृती एके काळी गावच्या देवळासाठी आणि घरच्या पूजेसाठी घडत असत. आज त्या तारांकित हॉटेलांची दालने आणि महानगरांतील दिवाणखाने सजवितात. कोंडागावच्या जयदेव बघेल यांच्यासारख्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिल्पकारांनी ही कला देशाबाहेरही पोहोचविली. गावची गरज होती ती आता चैनीची वस्तू झाली, ही आनंदाचीच बाब होय. परंतु या वस्तूच्या किमतीत एक रक्कम सहसा धरलेली नसते, ती म्हणजे घडविणाऱ्याच्या आरोग्याची.

ढोकरा ही ओतकामाची कला आहे. महाराष्ट्रात ओतारी ज्या अर्थाने परिचित आहेत, त्याच अर्थाने बस्तरचे घडवा कारागीर. प्रथम मातीचा गाभा तयार होतो. त्यावर राळमिश्रित मेणाचे बारीक धागे गुंडाळून नक्षी उमटवितात. पुन्हा मातीचे थर चढवून साचा वाळवितात आणि भट्टीत तापवितात. मेण वितळून निघून जाते व त्या पोकळीत पितळेचा रस ओतला जातो. मोहेंजोदडोची सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीची प्रसिद्ध नर्तिका याच पद्धतीने घडलेली आहे.

धोका कोठे आहे?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते आणि पितळेचा रस ओतण्यायोग्य करताना तापमान त्याच्या वर जाते. त्यामुळे मुशीतून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते आणि एक-दोन दिवसांत सारे ओसरते. मलेरियाने पिडलेल्या बस्तरसारख्या भागात असा ताप मलेरियाच समजला जाण्याचा संभव मोठा. मूळ कारण तसेच राहते आणि कारागीर पुन्हा त्याच धुरापुढे बसतो.

दुसरा धोका मोडीच्या पितळेचा. जुनी भांडी, नळाच्या तोट्या, यंत्रांचे सुटे भाग असे मिळेल ते वितळविले जाते. कातकामास सोयीच्या पितळेत दोन-तीन टक्के शिसे असते. शिसे शरीरात साठत जाते आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते विशेष घातक ठरते. येथे कारखाना आणि घर यांत भिंत नसते. ज्या अंगणात भट्टी, त्याच अंगणात चूल आणि पाळणा. याखेरीज साच्यात ओल राहिली असता पाण्याची एकाएकी वाफ होऊन तप्त रस उसळतो आणि डोळे व हातपाय भाजतात. शेवटी यंत्रावर झिलई करताना उडणारी धूळ आणि कण आहेतच.

हजारो वर्षे हे काम असेच चालले, मग आताच ही चिंता कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. उत्तर असे की काम तेच असले तरी त्याचे प्रमाण बदलले आहे. गावच्या गरजेपुरती पेटणारी भट्टी बाजारपेठेच्या मागणीमुळे वारंवार पेटते. कानशीच्या जोडीला विजेचे यंत्र आले. मोडीत कोणते धातू आहेत हे कारागिराला कळण्याचा मार्ग उरला नाही. परंपरेने कौशल्य दिले. या नव्या धोक्यांचे उत्तर तिच्यापाशी असण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

गुजरातमधील खंभातचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील अकीक मण्यांची परंपराही हडप्पाकाळाशी नाते सांगते. परंतु अकीक घासताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने तेथील कारागिरांच्या पिढ्यांना सिलिकोसिस जडला. या रोगावर बरे करणारा उपचार नाही. तो टाळता मात्र येतो. कलेची कीर्ती कारागिराचे फुप्फुस वाचवीत नाही, हा खंभातचा धडा आहे.

कायदा दारापर्यंत पोहोचत नाही

१९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार विजेचा वापर असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार असले तरच जागा ‘कारखाना’ ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत या संख्या २० आणि ४० झाल्या. चार-पाच माणसांचे कुटुंब पूर्वीही कारखान्याच्या व्याख्येबाहेर होते, आजही आहे. निरीक्षक त्या अंगणात जाणार नाही. बँकेचा अधिकारी मात्र कर्जप्रस्तावाच्या निमित्ताने तेथे जातो.

माझे मत असे की त्या भेटीत आपण एक प्रश्न अधिक विचारावा. आपण भांडवल, कच्चा माल, मागणी आणि परतफेडीची क्षमता तपासतो. नजरगहाण मालाचा विमा उतरविण्याचा आग्रह धरतो. परंतु ज्या दोन हातांवर ती परतफेड अवलंबून आहे, त्यांच्या रक्षणासाठी अंदाजपत्रकात ओळ नसते. भट्टीवर उंच धुराडे, जाड चामड्याचा अंगरखा व हातमोजे, बंद बूट, डोळ्यांना चष्मा, धातूचा धूर अडविणारा योग्य मुखपट (साधे फडके नव्हे), तसेच घटक माहीत असलेल्या धातूच्या लगडी यांचा खर्च मुदत कर्जात आणि खेळत्या भांडवलात धरण्यास काय हरकत आहे? ही खरेदी उत्पादक भांडवलच मानावी.

बँक म्हणजे श्रम विभाग नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून ही कर्जाची अट असू नये. अट घातली तर गरीब कारागीर सावकाराच्या दारी जाईल. ती सोय असावी, मागितली नाही तरी सुचविलेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. पण तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत धातूच्या ओतकामाचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे शाखेचा पुढाकार अधिकच आवश्यक ठरतो. वर्षाला २० रुपये हप्त्याच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूस दोन लाख आणि एक डोळा कायमचा गमावल्यास एक लाख रुपये मिळतात. हा विमा प्रत्येक कारागिराने अवश्य घ्यावा. मात्र तो अपघाताचा आहे. धुराने किंवा शिशाने होणारा आजार त्यात बसत नाही. तेथे प्रतिबंध हाच एक उपाय.

उरतो प्रश्न ग्राहकाचा. सुरक्षिततेचा खर्च वस्तूच्या किमतीत थोडी भर घालील, हे उघड आहे. गावच्या देवळासाठी घंटा घेणाऱ्याला ती भर जड जाईल. दिवाणखान्यासाठी शिल्प घेणाऱ्याला जाऊ नये. आमच्या ग्राहकांपैकी जे या वस्तू विकतात, त्यांनी तो खर्च कारागिराच्या दरात मान्य करावा. जे विकत घेतात, त्यांनी घासाघीस करताना तो वजा करू नये. आणि आम्ही कर्मचाऱ्यांनी पुढील प्रस्ताव लिहिताना ती एक ओळ कोरी सोडू नये.