घासाघीस कुणाच्या घासाची?

वडीगोद्रीत लग्नाचा बस्ता बांधावयाचा झाला की नवरीच्या पैठणीचा विषय निघतोच. धुळे–सोलापूर महामार्गावरच्या आमच्या या गावाजवळून गोदावरी वाहते आणि तिच्याच काठी, वरच्या अंगाला, पैठण वसले आहे. ज्या नगरीने या वस्त्राला नाव दिले ती आमच्या इतकी शेजारी. तरीही दुकानात आपण पदरावरचा मोर पाहतो, किंमत पाडून मागतो. साडी कुणाच्या हातची आहे, हे मात्र विचारीत नाही. मग घरी येऊन हळहळतो, ‘जुन्या कला लोप पावत चालल्या!’

वाचकहो, माझा आक्षेप या हळहळीलाच आहे. कला आपोआप लोप पावत नाही. कारागिराची चूल विझते, त्याचा मुलगा माग सोडून दुसऱ्या कामाला जातो, तेव्हा ती मरते. आणि त्या मरणात आपल्या घासाघिशीचा वाटा असतो.

खऱ्या पैठणीत विणकर निरनिराळ्या रंगांचे रेशीम लहान लहान कांड्यांवर घेतो आणि ताण्यातून बोटांनी बाणा गुंतवीत नक्षी भरतो. म्हणूनच ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. साध्या पैठणीलाही आठवडे लागतात. भरगच्च पदर असेल तर अनेक महिने. यंत्रमागावरच्या नकलेच्या मागील बाजूस बहुधा सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. यंत्र हे पाप नव्हे. यंत्राचे वस्त्र यंत्राचे म्हणून विकावे, खुशाल विकत घ्यावे. परंतु त्याला हातमागाचे नाव देणे ही चोरी आहे, आणि ते जाणून स्वस्तात घेणारा त्या चोरीचा भागीदार आहे.

सरकारने काय केले? पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला. त्याखाली सुरुवातीला २२ प्रकार राखीव होते, पुढे ते ११ वर आले. अखिल भारतीय हातमाग मंडळ २०२० साली बरखास्त झाले. २०१९–२० च्या हातमाग गणनेनुसार देशातील सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांहून कमी होते. मानांकनाचा कागद भिंतीवर शोभतो. त्याने भाकरी भाजली जात नाही.

कुणी म्हणेल, ‘गरिबाने एवढी महाग साडी घ्यावी तरी कशी?’ त्याने घेऊ नये. त्यात कमीपणा नाही. पण मंडप, बँड आणि जेवणावळी यांवर हात सैल सोडणाऱ्याने विणकराच्या मजुरीपाशी येऊनच काटकसर आठवावी, हे कोणते शहाणपण? आणि प्रश्न केवळ पैठणीचा नाही. बुरुडाचे सूप, कुंभाराचा माठ, धनगराचे घोंगडे घेताना आपण पाच-दहा रुपयांसाठी अडून बसतो. ते पाच रुपये आपल्या घरात कुठे जातात ते आठवतही नाही. त्यांच्या घरात मात्र ते ताटात दिसतात.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात बजावले होते की, मजुराने नाइलाजाने मान्य केलेली मजुरी तेवढ्यावरून न्याय्य ठरत नाही. तिच्यात त्याचा निर्वाह झाला पाहिजे. सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूचे आपण अनुयायी. हा न्याय कारखान्याच्या मालकाला सांगायचा आणि स्वतः बाजारात विसरायचा, हे आपल्याला शोभत नाही.

तेव्हा पुढच्या बस्त्याला साडीचा पदर उलटून पाहा. विणकर कोण, हे विचारा. शक्य असेल तर पैठणला जाऊन थेट मागावरून घ्या, आणि आगाऊ रक्कम द्या. रेशमासाठी त्याला सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही. सुपाची किंमत सांगितली की ती मुकाट्याने मोजा. एवढे जमत नसेल, तर निदान कलेच्या नावाने उसासे टाकणे तरी आपण बंद करू या.