चाक बाहेर काढण्याची हौस आणि आरसी बुकात नसलेला आकडा

पावसाचे दिवस जवळ आले की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आंबोली या वाटांवर गाड्यांची वर्दळ वाढते. गेल्या काही वर्षांत या गर्दीत फोर बाय फोर गाड्या नजरेत भरू लागल्या आहेत. २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये पाच दरवाजांची जिम्नी आणि २०२४ मध्ये थार रॉक्स. गाडी दारात आली की अनेकांचा पहिला खर्च ठरलेला असतो, तो म्हणजे रुंद टायर आणि नवे अलॉय. दुकानातली मागणीही ठरलेली: "चाक जरा बाहेर काढून द्या, गाडी भारदस्त दिसली पाहिजे."

जरा म्हणजे किती, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. खरं तर त्याचं उत्तर एका आकड्यात असतं. त्याला ऑफसेट म्हणतात. स्टिअरिंग, बेअरिंग आणि घाटातलं ब्रेकिंग या सगळ्यांवर तो परिणाम करतो. तरीही आरसी बुकात त्याचा रकाना नाही आणि दुकानाच्या बिलावरही तो सहसा नसतो.

आकडा कसला?

चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेघ गेली आहे असं समजा. चाक हबला जिथे टेकतं ती सपाट बैठक या रेघेपासून किती मिलिमीटर लांब आहे, तो झाला ऑफसेट. बैठक रेघेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट प्लस, म्हणजे चाक आत बसतं. बैठक आतल्या बाजूला असेल तर मायनस, म्हणजे चाक बाहेर येतं. अलॉयच्या मागे 'ईटी' अशी अक्षरं आणि पुढे आकडा असतो, तो हाच.

जिम्नीचं उदाहरण घेऊ. कंपनीचं चाक १५ इंची, रुंदी साडेपाच इंच, ऑफसेट प्लस ५. आता त्या जागी ८ इंच रुंद आणि मायनस २० ऑफसेटचं चाक बसवलं तर काय होईल? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. जुन्या चाकाची बाहेरची कड बैठकीपासून सुमारे ६५ मिलिमीटरवर होती. नव्या चाकाची ती सुमारे १२२ मिलिमीटरवर जाते. म्हणजे एका बाजूला जवळपास ५७ मिलिमीटर, सव्वादोन इंच चाक बाहेर आलं. गंमत म्हणजे आतली कडही सुमारे ७ मिलिमीटर आत सरकली, कारण रुंदी दोन्हीकडे वाढते. म्हणून नुसतं बाहेरून बघून चाक ठरवता येत नाही. आत शॉकअप, ब्रेकचा पाइप, स्टिअरिंगचा रॉड यांना घासतंय का, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहावं लागतं.

फायदा आहे, पण फुकट नाही

ऑफ-रोडवाल्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की आडव्या उतारावर गाडी जास्त स्थिर राहते. रुंद टायर घातला तर तो आत घासू नये म्हणून ऑफसेट थोडा कमी करावाच लागतो. म्हणजे प्रत्येक बदल हौसेपोटीच असतो असं नाही.

प्रश्न प्रमाणाचा आहे. वरच्या उदाहरणात चाकाचा मध्य २५ मिलिमीटर बाहेर गेला. बेअरिंगवर येणारा भार तेवढ्या लांबून पडू लागतो. लांब दांड्याने पेटी उचकटावी तसा तो जोर असतो. बेअरिंग आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे त्यामुळे लवकर झिजतात. दुसरं म्हणजे स्टिअरिंग. चाक ज्या बिंदूभोवती वळतं त्यापासून टायर लांब गेला की खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ हातात येतो. एक चाक डांबरावर आणि एक कडेच्या चिखलात असताना जोरात ब्रेक मारला तर गाडी एका बाजूला ओढते. चोर्ल्यासारख्या घाटात, पावसात, समोरून ट्रक येत असताना हे ओढणं किती महागात पडेल, ते इथल्या वाहनचालकांना वेगळं सांगायला नको.

शिवाय मडगार्डच्या बाहेर आलेला टायर चिखल आणि खडे मागच्या दुचाकीवर उडवतो. त्याचा त्रास गाडीच्या मालकाला नाही, दुसऱ्याला होतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्या रूपात आलं. नियमात न बसणारा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे केए २२ ची गाडी चंदगडात गेली काय किंवा केरीमार्गे गोव्यात उतरली काय, कलमं तीच लागू होतात.

खरी अडचण पुढे आहे. रस्त्यावर तपासणी करणाऱ्याला ऑफसेट दिसत नाही, दिसतो तो बाहेर आलेला टायर. म्हणजे मडगार्डच्या आत बसलेलं पण चुकीच्या ऑफसेटचं, आतून घासणारं चाक सहज सुटून जातं. अपघात झाल्यावर मात्र हाच बदल बाहेर येतो आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल म्हणून दाव्यात वादाचं कारण ठरू शकतो. तेव्हा दुकानदार समोर नसतो, मालक एकटाच असतो.

स्पेसरचा शॉर्टकट

नवे अलॉय परवडत नाहीत म्हणून काही जण हब आणि चाकाच्या मध्ये स्पेसर घालतात. ३० मिलिमीटरचा स्पेसर घातला की प्लस ५ चं चाक मायनस २५ चं होतं. बेळगाव हे फाउंड्री आणि लेथचं गाव. उद्यमबागेतल्या कसबी कारागिराला अशी चकती कातून देणं अवघड नाही. पण प्रश्न कातण्याचा नाही, धातूच्या प्रतीचा आणि स्टडच्या लांबीचा आहे. स्टड तेवढेच ठेवून जाड चकती घातली तर नटाला आटे कमी मिळतात. मधलं भोक हबवर घट्ट बसलं नाही तर सगळा भार नटांवर येतो आणि ते सैल होत जातात. धावत्या गाडीचं चाक निखळणं म्हणजे काय, याची कल्पना प्रत्येकाला आहे.

मग करायचं काय?

कंपनीने आपल्या मॉडेलच्या एखाद्या व्हेरियंटला दिलेला टायर आणि चाकाचा साइज, हा सगळ्यात सुरक्षित पर्याय. त्यापलीकडे जायचंच असेल तर चार गोष्टी आधी विचाराव्यात: रुंदी, ईटी, मधल्या भोकाचं माप आणि चाकावर कोरलेली भार पेलण्याची क्षमता. बोल्टची मापं जुळली म्हणजे चाक जुळलं असं होत नाही. बसवल्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावी आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.

दुकानदारांनाही एक गोष्ट जमण्यासारखी आहे, ती म्हणजे बिलावर टायरच्या साइजबरोबर ईटी लिहिणं. एक ओळ आणि दोन आकडे, जुना किती आणि नवा किती. त्यातून ग्राहकाला आपण काय घेतोय ते कळेल, पुढच्या मेकॅनिकला बेअरिंग का वाजतंय त्याचा धागा मिळेल आणि वाद झालाच तर जबाबदारी कुणाची हेही ठरेल. आरटीओकडे रकाना होईल तेव्हा होईल. तोवर "जरा बाहेर काढून द्या" म्हणणाऱ्याला "किती मिलिमीटर?" असं काउंटरवरच विचारलं तरी पुष्कळ झालं.