‘एवढ्या लांब आलोच आहोत, तर…’

जून अर्धा सरला आणि सह्याद्रीच्या कड्यांवरून पाणी उतरू लागले की पुणे-मुंबईकरांचे रविवार मावळाकडे वळतात. पहाटे चारचा गजर, अर्धवट झोपेत गाडीत बसवलेली मुले, घाटात दोन तास, लोणावळ्यातून भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणखी दोन तास, शेवटी पायऱ्यांवर अर्धा तास भिजणे, भाजलेले कणीस, चिक्कीची पाकिटे आणि रात्री दहा-अकराला घर. सोमवारी कचेरीत कोणी विचारले, की अनेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘मजा आली, पण जाम दमलो.’

विश्रांतीसाठी गेलेला माणूस दमून परत येतो, हे एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पण काही जण परत येतच नाहीत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पाण्याचा लोंढा वाढला आणि एकाच कुटुंबातील एक महिला व चार मुले वाहून गेली. मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसह कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जण जखमी झाले. दोन्ही दिवस रविवारचे होते.

अशा घटनांनंतरची चर्चा ठरावीक वळणाने जाते. एक बाजू पर्यटकांचा उतावीळपणा आणि सेल्फीच्या वेडाला दोष देते, दुसरी प्रशासनाच्या ढिलाईला. धोकादायक पूल वेळेत बंद करणे किंवा पाडणे हे यंत्रणेचेच काम आहे, त्याची जबाबदारी फिरायला आलेल्यांवर ढकलता येत नाही. आणि अचानक वाढलेल्या पाण्यात सापडलेल्या कुटुंबाला घरी बसून शहाणपण शिकवणे क्रूरपणाचे आहे. पण एक प्रश्न उरतोच. मुलाबाळांवर जीव असलेली, धोक्याची पाटी वाचता येणारी, एरवी सावध असलेली माणसे दर पावसाळ्यात निसरड्या खडकांवर आणि वाहत्या पाण्यात का उतरतात?

त्याचे एक उत्तर सहलीच्या घडणीतच आहे. वर्षातून एक-दोनदा जुळून येणारा रविवार, पेट्रोल-टोलचा खर्च, सहा तासांचा प्रवास आणि मुलांना दिलेला शब्द, एवढे सगळे गुंतवल्यावर समोर ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी दिसते. त्या क्षणी गाडीतले कोणीतरी म्हणते, ‘एवढ्या लांब आलोच आहोत, तर…’ जे आधीच खर्च झाले आहे ते वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढचा धोका पत्करतो, हे निर्णयशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. घरापासून दहा मिनिटांवरच्या ओढ्याला पाणी जास्त दिसले, तर हाच माणूस सहज मागे फिरेल, कारण तिथे उद्या पुन्हा येता येते. मावळात ‘उद्या’ नसतो, आणि तिथेच निर्णय चुकतो.

हा निर्णय घेणारा मेंदूही त्या दिवशी ताजा नसतो. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागरण आणि पहाटे चारला निघणे, म्हणजे झोप जेमतेम तीन-चार तास. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसले. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे चारला उठून रात्री नऊनंतर घाट उतरणारा चालक दारूचा थेंबही न घेता मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो, आणि त्याला पकडणारे कोणतेही यंत्र नाही. त्यात खरोखरीची दारू मिसळली की तोल जातो, धोक्याचा अंदाज चुकतो आणि अंगात ऊब वाटत असताना शरीर प्रत्यक्षात उष्णता गमावत असते.

पाण्याचा अंदाज तर जाग्या माणसालाही चटकन येत नाही. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांहून अधिक. वरच्या पठारावर पडलेली सर खालच्या धबधब्यात पोहोचायला थोडा वेळ लागतो. त्यामुळे खाली ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागणे, आवाज बदलणे ही त्याची चिन्हे. ती दिसली की सामान उचलायलाही न थांबता काठ गाठायचा असतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा जोर चौपट होतो. वेगाने वाहणारे घोट्याच्या थोडे वरपर्यंतचे पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. शेवाळलेल्या खडकावर हात धरून केलेली साखळी आधार वाटते खरी, पण एक घसरला की बाकीचे ओढले जातात.

बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा ओरडत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर आले तर तो श्वास घेणार, हाक मारणार नाही. बहुतेकदा हे सारे मिनिटभराच्या आत, आवाज न होता घडते, आणि मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. वाचवायला स्वतः उडी घेण्याऐवजी दोरी, ओढणी, काठी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांक फिरवावा. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. बुडण्याच्या प्रतिबंधासाठी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस ठरवला आहे. मावळात तो ऐन पावसात येतो.

ज्या विश्रांतीसाठी हा आटापिटा चालतो, ती तरी पदरात पडते का? कामाचा शीण कसा उतरतो याचा अभ्यास करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिने सोनेनटाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार गोष्टी सांगितल्या आहेत. मन कामापासून सुटले पाहिजे, शरीर-मन सैलावले पाहिजे, नवे काही शिकल्याचा किंवा जमल्याचा आनंद मिळाला पाहिजे आणि आपला वेळ आपल्या हातात आहे असे वाटले पाहिजे. या कसोटीवर लोणावळ्याचा रविवार घासून पाहावा. फोन हातात असल्याने कचेरी सोबत आलेलीच असते. क्लच-ब्रेक दाबत घाट चढणाऱ्याचे खांदे सैलावत नाहीत. शिकण्यासारखे म्हणावे, तर चांगला फोटो मिळवणे एवढेच. आणि वेळ पुढच्या गाडीच्या हातात असतो. चार गुणांपैकी अर्धा मिळाला तरी खूप!

लांबच्या, खऱ्याखुऱ्या सुट्ट्यांबाबतही संशोधन फारसे आशादायक नाही. सुट्टीने बरे वाटते, पण कामावर परतल्यावर तो परिणाम काही आठवड्यांत ओसरतो. कारण विश्रांती ही झोपेसारखी किंवा जेवणासारखी असते. आठवडाभर उपाशी राहून रविवारी सात दिवसांचे जेवता येत नाही. आठवड्याची झोप, मोकळी हवा, कुटुंबाशी गप्पा आणि व्यायाम हे सगळे एका दिवसात उरकण्याचा प्रयत्न केला की तो दिवसही कामासारखाच होतो.

विश्रांतीचा हा विचार लोणावळ्याला परका नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथेच कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत शरीरातील दाब कसा बदलतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि मापनयंत्रे वापरून तपासले आणि ‘योग-मीमांसा’ या नियतकालिकातून मांडले. योगाला प्रयोगशाळेत आणणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांपैकी ही एक. संथ, दीर्घ उच्छ्वासाने नाडी मंदावते, स्नायू सैलावतात आणि त्यासाठी एक सतरंजी पुरते, घाट चढावा लागत नाही. रोजची दहा मिनिटे स्वस्थ पडून सावकाश श्वास घेणे हे वर्षातल्या दोन धावपळीच्या सहलींपेक्षा शरीराला अधिक मानवते.

हिरवाईचेही तसेच. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती व मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. केवळ यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही १२० मिनिटे एका दमात घालवली की थोडी थोडी, याने फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे वेताळ टेकडी, तळजाई, निगडीची दुर्गा टेकडी किंवा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान इथली आठवड्यातून चारदा अर्ध्या तासाची फेरी हिशेबात बसते.

म्हणून ‘लोणावळ्याला जाऊ नका’ असा उपदेश करावा का? मुळीच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला पाण्याखाली भिजण्याचा हा सर्वांत स्वस्त आनंद आहे. घराशेजारी ना बाग, ना मैदान, आणि आठवड्याला एकच सुट्टी, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी दुसरीकडे जावे तरी कुठे? शहरातल्या टेकड्या आणि मैदाने बांधकामाला द्यायची आणि मग घाटातल्या गर्दीबद्दल नाक मुरडायचे, हे बरोबर नाही. टेकडी राखणे हा आरोग्यसेवेचाच भाग मानला पाहिजे.

दुर्घटनेनंतर मनाई आदेश निघतात, दोरखंड बांधले जातात, पोलीस उभे राहतात. ते आवश्यक आहे, पण लाखाची गर्दी एकाच दिवशी आली तर अपुरेच पडणार. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. इतर कंपन्यांनी निदान पावसाळ्यात तरी कर्मचाऱ्यांना एक-दोन सुट्ट्या मधल्या वारी दिल्या, तर रविवारचा भार थोडा हलका होईल. रविवारी पुणे-लोणावळा लोकलच्या फेऱ्या वाढल्या तर रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील आणि परतीच्या प्रवासात झोपाळलेला चालक स्टिअरिंगवर नसेल. गर्दीच्या ठिकाणी रुग्णवाहिकेसाठी एक मार्गिका मोकळी ठेवणे तर सक्तीचे हवे. ती फक्त पर्यटकांसाठी नको. रविवारी गाड्यांच्या रांगांमागे मावळातली गावेही अडकतात. भातलावणीच्या दिवसांत विंचू-साप चावलेला शेतकरी किंवा बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई त्या रांगेत अडकली, तर तिच्यासाठी शहरी मौजेची किंमत फार मोठी असते.

घरच्या पातळीवर एक साधी सवय पुरेशी आहे आणि ती गिर्यारोहकांना चांगली ठाऊक असते. मागे फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवायची. अमुक वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर जिथे असू तिथून परत, पाणी गढूळ दिसले तर उतरायचे नाही, गाडी चालवणारा रात्री किमान सात तास झोपलेला असला पाहिजे. हे शनिवारी संध्याकाळी, घरात, सगळ्यांच्या देखत ठरावे. कारण धबधब्यासमोर ओलेत्याने उभे राहून शहाणा निर्णय होत नाही. मुलांनाही आधीच सांगून ठेवावे की पाणी जास्त असेल तर लांबूनच पाहायचे आणि भजी खाऊन परतायचे. मुले रुसतील, पण घरी येतील.

आणि सहल वाया गेली तर? वाया गेलेल्या रविवाराची भरपाई पुढच्या आठवड्यात टेकडीवर, बागेत, गच्चीत पडणाऱ्या पावसातही होऊ शकते. ज्या घरात रोज थोडी विश्रांती असते, तिथे एखादा रविवार हुकल्याचे फारसे वाटत नाही, आणि पाटी वाचून मागे फिरणेही जड जात नाही. लोणावळ्याचे ढग दर पावसाळ्यात येणारच आहेत. ते पाहायला पुढच्या वर्षीही सगळ्यांनी असावे, एवढेच महत्त्वाचे.